नॅनो इलेक्ट्रोड, बॅटरी आणि सुपरकपॅसिटर: सातारा-सांगलीच्या प्रोजेक्टवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या भागात एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, प्रोजेक्टसाठी "नॅनो" आणि "एनर्जी स्टोरेज" हे दोन शब्द निवडून बसलेली मुलं डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रयोगशाळेत चार दशांशांचा काटा, मफल फर्नेस, ओव्हन, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) आणि कुठूनतरी वापरायला मिळणारा पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज बदलत करंट मोजणारं यंत्र) आहे, ग्लोव्ह बॉक्स (बाहेरची हवा आत न येऊ देणारी, हातमोजे जोडलेली बंद पेटी) नाही, असं गृहीत धरलं आहे.

इलेक्ट्रोडची पावडर नॅनो केल्याने नेमका काय फरक पडतो?

बॅटरी चार्ज होताना लिथियमचा आयन द्रवातून झटकन जातो, पण कणाच्या आत, घन पदार्थातून, तो रांगत जातो. त्याला लागणारा वेळ ढोबळमानाने अंतराच्या वर्गाला विसरण गुणांकाने (आयन पदार्थात किती झटपट पसरतो त्याच्या मापाने) भागून मिळतो. समजा हा गुणांक १० चा उणे १२ वा घात इतके चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद आहे. १० मायक्रॉन अंतर कापायला १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस लागतील. तेच अंतर १०० नॅनोमीटर केलं की १०० सेकंद. अंतर शंभरपट घटलं, वेळ दहा हजारपट घटला. "नॅनो"च्या जाहिरातीत जे काही खरं असतं, ते बहुतेक या एका वर्गात आहे.

दुसरी बाजूही लगेच पाहून घ्या. साखर कारखान्यात ऊस सबंध मिलमध्ये घालत नाहीत. आधी कटर, मग फायबरायझर; तंतू मोकळे झाले की रस सुटतो. पण असा बारीक केलेला ऊस सबंध मोळीपेक्षा फार लवकर आंबतो, म्हणून तो साठवत नाहीत, लगेच पुढे ढकलतात. ज्या पृष्ठभागामुळे रस सुटतो, त्याच पृष्ठभागावर आंबणंही सुरू होतं. नॅनो इलेक्ट्रोडचं गणित हुबेहूब असंच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची (यापुढे एलएफपी) घनता सुमारे ३.६ ग्रॅम प्रति घनसेंमी. १० मायक्रॉनच्या गोल कणांच्या एका ग्रॅमला ०.१७ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, १०० नॅनोमीटरच्या कणांना १७.

मग तोटा कुठे होतो?

मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, ॲनोडच्या (चार्ज होताना लिथियम घेणाऱ्या इलेक्ट्रोडच्या) कमी व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमधला, आयन वाहून नेणारा द्रव) टिकत नाही. तो पृष्ठभागावर फुटतो आणि त्याचा एक पातळ थर बसतो. हा थर हवाच असतो, कारण तो पुढची फूट थांबवतो. पण तो बनताना लिथियम खर्ची पडतं आणि ते परत मिळत नाही. पृष्ठभाग जास्त, तर खर्च जास्त. पहिल्या चार्ज-डिस्चार्जमध्ये ग्रॅफाइट साधारण ९० टक्क्यांच्या वर परत देतो. बारीक सिलिकॉन त्याच्या बराच खाली राहतो.

दुसरं, नॅनो पावडर फुगीर असते. डबा भरतो, वजन भरत नाही. ग्रॅममागे आकडा छान येतो, लिटरमागे पडतो, आणि मोबाईल किंवा स्कूटरमध्ये जागाच मोजून दिलेली असते. उद्योगात यावर उपाय बुंदीच्या लाडवासारखा काढतात: १००-२०० नॅनोमीटरची बुंदी आणि तिचे काही मायक्रॉनचे लाडू. लिथियमला बुंदीपुरतंच अंतर चालावं लागतं, आणि कोटिंग करणाऱ्याच्या हाती लाडू येतात.

तिसरं, बाईंडर (पावडर चिकटवून धरणारा पदार्थ) आणि सॉल्व्हंट जास्त लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

बाजारातल्या कोणत्या बॅटरीत नॅनो खरोखर आहे?

एलएफपी. १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या गटाने हा पदार्थ कॅथोड (चार्ज होताना लिथियम देणारा इलेक्ट्रोड) म्हणून मांडला, तेव्हा तो संथ आणि कमी करंटला चालणारा वाटला होता, कारण तो जवळपास विद्युतरोधकच आहे. कण बारीक करणं आणि त्यांच्यावर कार्बनचा पातळ लेप देणं, या दोन गोष्टींनी तो १७० मिलीॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम या सैद्धांतिक क्षमतेच्या जवळ गेला. त्याच्या स्फटिकात लिथियम एकाच दिशेच्या बोगद्यातून धावतं. बोगद्यात एखादा लोखंडाचा अणू चुकीच्या जागी बसला की मागचं सगळं अडकतं, घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे अडकावं तसं. बोगदा आखूड असेल, तर अडकणारा माल थोडा. सोलर पथदिव्यातला ३.२ व्होल्टचा जाड सेल बहुधा हाच असतो.

दुसरा लिथियम टायटनेट: क्षमता १७५, पण लिथियमच्या तुलनेत व्होल्टेज १.५५. तिथे तो वर सांगितलेला थर जवळपास बनतच नाही आणि कण फुगतही नाही. म्हणून नॅनोचा तोटा सर्वांत कमी ज्याला बसतो, तो हाच. ऊर्जा कमी मिळते, एवढी त्याची किंमत मोजावी लागते.

सिलिकॉनची क्षमता ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट आहे म्हणतात. मग सगळे सिलिकॉनच का वापरत नाहीत?

ग्रॅफाइट ३७२, सिलिकॉन सुमारे ३,५८० मिलीॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम. पण पूर्ण लिथियम घेतलेला सिलिकॉन मूळ आकारमानाच्या जवळजवळ चौपट होतो. मोठा कण तडकतो. सुमारे १५० नॅनोमीटरच्या खाली कण तडकत नाही, पण फुगणं-आकसणं चालूच राहतं. त्याच्यावरचा थर दर वेळी फाटतो, दर वेळी नवा बनतो आणि दर वेळी लिथियम खातो. त्यामुळे विकायच्या सेलमध्ये तो बहुधा ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो.

पाटण-जावळीकडच्या भाताच्या तुसापासून सिलिकॉन करायची कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, तेव्हा कल्पना बरोबर आहे. सिलिका आणि मॅग्नेशियम वजनाने १ : ०.८ घेऊन ऑक्सिजनमुक्त वातावरणात ६५० अंशांवर तापवतात. इथे दोन धोके आहेत. अभिक्रियेची स्वतःची उष्णता इतकी असते की बारीक रचना वितळून जाते. म्हणून दहापट मीठ मिसळतात, ते उष्णता पिऊन घेतं. आणि मॅग्नेशियम जादा झालं तर मॅग्नेशियम सिलिसाइड बनतं. त्यावर ॲसिड ओतलं की सिलेन वायू सुटतो आणि हवेत आपोआप पेटतो. उरलेली सिलिका काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते कॉलेजात आणूच नका.

ग्लोव्ह बॉक्सशिवाय लिथियमचा कॉईन सेल बनवता येईल का?

नाही. लिथियमचा पत्रा हवेत काळा पडतो, आणि नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं मीठ पाण्याच्या अंशानेही हायड्रोफ्लोरिक ॲसिड सोडतं. पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भागाच्या) खाली ठेवणारा बॉक्स लागतो. पिशवीत नायट्रोजन भरून केलेला जुगाड पहिल्या सायकललाच उघडा पडतो.

पाण्यातला इलेक्ट्रोलाइट घ्या: सुपरकपॅसिटर (मुख्यतः पृष्ठभागावर चार्ज साठवणारं साधन), किंवा झिंकचा पत्रा आणि मँगनीज डायऑक्साइडची झिंक-आयन बॅटरी. नॅनो रचनेचं सगळं शास्त्र त्यातही शिकता येतं, आणि ते उघड्या टेबलावर होतं.

मँगनीज डायऑक्साइडची खात्रीची कृती सांगा.

१.०१ ग्रॅम मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट (६ मिलीमोल) ३० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. ०.६३ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट (४ मिलीमोल) ५० मिली पाण्यात. परमँगनेट ढवळत ठेवून त्यात सल्फेट थेंब थेंब सोडा, वीस-पंचवीस मिनिटांत. जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ येतो. सहा तास ढवळत ठेवा. ३ : २ हे प्रमाण अभिक्रियेच्या समीकरणातूनच येतं, पूर्ण झाली तर १० मिलीमोल, म्हणजे ०.८७ ग्रॅम मिळायला हवेत. प्रत्यक्षात वजन थोडं जास्त भरतं, कारण आत पाणी आणि पोटॅशियम अडकतं. त्याला "११० टक्के यील्ड" म्हणून रिपोर्टात मिरवू नका.

वरचं पाणी जांभळंच राहिलं तर परमँगनेट जादा झालं आहे किंवा सल्फेटच्या बाटलीतलं पाण्याचं प्रमाण लेबलाशी जुळत नाही. मोनोहायड्रेट आणि टेट्राहायड्रेट यांची गल्लत नेहमीची. गाळून धुवा, आणि धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा एक थेंब टाकून पाहा: पांढरट झाक आली तर सल्फेट अजून आहे, पुन्हा धुवा. ८० अंशांवर रात्रभर वाळवा. "जास्त शुद्ध होईल" म्हणून ४०० अंशांवर भाजू नका. आतलं पाणी उडतं, स्फटिक वाढतात आणि कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) घसरतो.

नळ्या-सळ्या हव्या असतील तर तेच ८० मिली मिश्रण, गाळ न काढता, १०० मिलीच्या टेफ्लॉन ऑटोक्लेव्हमध्ये १४० अंशांवर १२ तास. सहसा मँगनीज डायऑक्साइडचा आल्फा प्रकार (रुंद बोगद्यांचा स्फटिक) मिळतो. पोटॅशियम कमी पडलं तर बीटा, ज्याचे बोगदे इतके अरुंद की आयनला शिरायला जागा नाही. ऑटोक्लेव्ह ८० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, २०० अंशांच्या वर न्यायचा नाही, आणि नळाखाली धरून थंड करायचा नाही. मध्येच लाईट गेली तर ती बॅच बाजूला ठेवा. तापमान दोनदा चढलेला नमुना आणि एकदा चढलेला नमुना एकाच आलेखात टाकू नका.

पावडर चांगली झाली, पण कोटिंग निघून येतं. काय चुकतं?

सर्वाधिक वेळ इथेच जातो, आणि पुस्तकात यावर एक ओळ असते.

१०० मिलीग्रॅम घन भागाचा हिशेब असा: ८० मिग्रॅ पावडर, १० मिग्रॅ कार्बन ब्लॅक, आणि पीव्हीडीएफ बाईंडरचं ५ टक्क्यांचं द्रावण २०० मिग्रॅ (त्यात १० मिग्रॅ बाईंडर येतो). पीव्हीडीएफ आधी एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये वेगळा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत विरघळवून ठेवा. पावडर आणि कार्बन खलात कोरडेच अर्धा तास घोटा, मग द्रावण, मग लागेल तसा एनएमपी एकेक थेंब. धिरड्याच्या पिठाइतकी दाट स्लरी हवी. एनएमपी गर्भाला घातक आहे. हूडखाली आणि हातमोजे घालूनच.

३०४ स्टीलची १ सेंमी रुंद, ४ सेंमी लांब पट्टी घ्या. बारीक एमरी पेपरने घासा, ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक, वाळवून वजन. टोकाच्या १ चौरस सेंमीवरच कोटिंग. ८० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२ तास.

वाळल्यावर तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या, तर थर जाड झाला किंवा घाईने वाळवला. पापुद्रा सुटला, तर स्टील गुळगुळीत किंवा तेलकट राहिलं. बोटाला काळं लागतंय, तर बाईंडर अपुरा: ५ मायक्रॉनच्या पावडरला जे ५ टक्के पुरतात, ते ५० नॅनोमीटरला पुरत नाहीत, कारण चिकटवायचा पृष्ठभाग शंभरपट झालेला असतो. स्लरीत पांढऱ्या गुठळ्या झाल्या तर एनएमपीने हवेतलं पाणी ओढलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात बाटली उघडी ठेवली की हे होतंच. ती स्लरी वाचत नाही, टाकून द्या.

वजनातली चूक किती मोठी असू शकते?

काट्याची अचूकता ०.१ मिग्रॅ, थर १ मिग्रॅचा, आणि दोन वजनांची वजाबाकी. उत्तरात १०-२० टक्के चूक बसल्या जागी. थर २-३ मिग्रॅचा घ्या किंवा पाच दशांशांचा काटा गाठा. पावसाळ्यात सच्छिद्र कार्बन काट्यावर ठेवल्या ठेवल्या जड होत जातो. आकडा स्थिर व्हायची वाट पाहत बसलात तर तुम्ही पाणी मोजताय. ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये गार करा आणि लगेच वजन घ्या.

आमचा कपॅसिटन्स २,००० फॅरड प्रति ग्रॅम आला. छापता येईल?

आधी इलेक्ट्रोड कसला आणि इलेक्ट्रोलाइट कोणता ते पाहा. निकेल हायड्रॉक्साइड किंवा कोबाल्ट ऑक्साइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, निकेल फोमवर, अशी सामग्री असेल तर तो सुपरकपॅसिटर नाही, बॅटरीचा इलेक्ट्रोड आहे. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज वर-खाली फिरवून करंट मोजण्याच्या चाचणीत) ठळक शिखरं आणि डिस्चार्जमध्ये सपाट पायरी दिसत असेल तर फॅरड हे एककच लागू नाही. मिलीॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम द्या. निकेल हायड्रॉक्साइडची सैद्धांतिक क्षमता २८९ मिलीॲम्पिअर-तास, म्हणजे सुमारे १,०४० कूलोम प्रति ग्रॅम. तिला ०.४५ व्होल्टच्या खिडकीने (चार्ज-डिस्चार्ज ज्या व्होल्टेजच्या पट्ट्यात होतो त्याने) भागलं की २,३०० "फॅरड" तयार! खिडकी अरुंद केली की आकडा आणखी वाढतो. शोधनिबंधांतले बरेच डोळे दिपवणारे आकडे या भागाकारातून येतात, हे आमचं स्पष्ट मत.

शिवाय निकेल फोम स्वतःच त्या द्रावणात अभिक्रिया करतो. कोरा फोम तसाच तपासून त्याचा आलेख शेजारी दाखवा.

बरोबर गणित करून दाखवा.

कपॅसिटन्स म्हणजे करंट गुणिले डिस्चार्जचा वेळ, भागिले वजन गुणिले व्होल्टेजची खिडकी. करंट २ मिलीॲम्पिअर, वेळ १०० सेकंद, सक्रिय पावडर १.६ मिग्रॅ, खिडकी ०.८ व्होल्ट: १५६ फॅरड प्रति ग्रॅम. १ मोलर सोडियम सल्फेटमध्ये (लिटरला १४२ ग्रॅम) मँगनीज डायऑक्साइडसाठी हा प्रामाणिक आकडा आहे. वजन सक्रिय पावडरचंच धरायचं, म्हणजे थराचे ८० टक्के. डिस्चार्ज सुरू होतानाची सरळ खाली पडणारी रेघ खिडकीतून वजा करायची.

हा आकडा तीन-इलेक्ट्रोड सेलचा (तपासायचा, समोरचा आणि तुलनेचा असे तीन). दोन सारखे इलेक्ट्रोड समोरासमोर लावून दोन्हींच्या एकूण वजनाने भागलं तर उत्तर चौथ्या हिश्श्यावर येतं. घाबरू नका, चूक नाही; कोणता आकडा देताय ते लिहा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ० ते ०.८ व्होल्टच्या बाहेर जाऊ नका: वर गेलात तर ऑक्सिजनचे बुडबुडे, खाली गेलात तर मँगनीज विरघळतं.

द्रावणाला बोअरचं पाणी चालणार नाही. त्यातलं क्लोराइड स्टीलला टोचून खातं आणि तो गंजाचा करंट तुम्ही कपॅसिटन्समध्ये मोजता.

बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) कार्बन करायचा आहे. कारखान्याचा घ्यावा की गुऱ्हाळाची चिपाडं?

कारखान्याचा बगॅस बारीक असतो, पण सुमारे निम्मं पाणी आणि वर शेतातली माती. गुऱ्हाळाची चिपाडं उन्हात वाळलेली आणि निवडायला सोपी. कोणतंही घ्या, तीन-चार पाण्यांनी धुवा. उरलेली साखर भाजताना फेसाळते आणि क्रुसिबलला चिकटते. ११० अंशांवर वाळवून दळा.

नायट्रोजन सोडलेल्या ट्यूब फर्नेसमध्ये, मिनिटाला ५ अंश वेगाने, ४५० अंशांवर एक तास. कोरड्या वजनाच्या साधारण पाव भाग कोळसा उरतो. एक भाग कोळसा, तीन भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड, थोड्या पाण्यात भिजवून रात्रभर वाळवा, मग ७०० अंशांवर एक तास. १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने, नंतर पीएच ७ येईपर्यंत पाण्याने धुवा. पृष्ठभाग ग्रॅमला १,००० चौरस मीटरच्या पुढे जाऊ शकतो, त्यातली बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरहून लहान.

मफल फर्नेसमध्ये झाकण लावून हे होत नाही, राख मिळते. ७०० च्या वर धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकतं. म्हणून नायट्रोजन चालू ठेवून पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका आणि पहिलं पाणी थेंबाने घाला. क्रुसिबल निकेलचा. ॲल्युमिना आणि क्वार्ट्झ दोन्हींना अल्कली खाते.

हाच कार्बन सोडियम-आयन बॅटरीला चालेल?

नाही, तिथे उलटं हवं. सोडियम ग्रॅफाइटच्या ०.३३५ नॅनोमीटर फटीत नीट शिरत नाही. त्याला हार्ड कार्बनची (थर वेडेवाकडे रचलेल्या कार्बनची) ०.३७ ते ०.४० ची फट लागते. तो बिना-अल्कली, १,२०० ते १,४०० अंशांवर होतो, आणि त्याचा पृष्ठभाग मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर पहिल्याच चार्जमध्ये सोडियम थरात खर्ची पडतं. बगॅसच्या राखेतली सिलिका आधी काढणं इथे जास्त महत्त्वाचं.

एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) कणांचा आकार ०.१८ नॅनोमीटर आला. बरोबर आहे का?

शिखराची रुंदी रेडियनमध्ये न घालता अंशांत घातलीत. शेररचं सूत्र: ०.९ गुणिले ०.१५४०६, भागिले रुंदी गुणिले थीटाचा कोसाइन. ३७.५ अंशांवर (हे दोन थीटा, निम्मे करा) रुंदी ०.८ अंश म्हणजे ०.०१४० रेडियन, उत्तर सुमारे १०.५ नॅनोमीटर. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करा. आणि हा स्फटिकाचा आकार झाला, कणाचा नाही. कण पाहायला एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो, त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं कॉमन फॅसिलिटी सेंटर सर्वांत सोयीचं.

जुन्या मोबाईलची बॅटरी फोडून पावडर काढली तर?

काढू नका. रिकामी वाटणारी बॅटरीही पेटते.

दुकानात "नॅनो कार्बन" इन्व्हर्टर बॅटरी मिळते. घ्यावी का?

लेड-ॲसिडच्या निगेटिव्ह प्लेटमध्ये कार्बन घातल्याने अर्धवट चार्जवर सल्फेट साचणं कमी होतं, हे खरं. पण स्टिकरवरून ते कळत नाही. ॲम्पिअर-तास, त्याचा डिस्चार्ज किती तासांचा धरला आहे, आणि वॉरंटीतले किती महिने फुकट बदलून देतात, एवढं विचारा.

चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांची वीज अशा बॅटऱ्यांत साठवता येईल का?

काही तासांपुरती, हो. त्याला एलएफपी योग्य. पण त्या पठारावर वारा जोरात असतो पावसाळ्यात आणि जत-आटपाडीकडे पंपाला वीज हवी उन्हाळ्यात. बॅटरीची किंमत तिच्या हजारो सायकलींवर वाटली जाते तेव्हा ती परवडते. वर्षाला एकच सायकल झाली तर कुठलंही इलेक्ट्रोड परवडणार नाही. ऋतूभर साठवण्याचं काम कोयनेसारखं धरणच करतं.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर चालेल?

मँगनीज, निकेल, कोबाल्टचं कुठलंच नाही. परमँगनेटचं उरलेलं द्रावण आधी थोड्या एस्कॉर्बिक ॲसिडने रंगहीन करा, मग धातूनुसार वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये. परमँगनेटच्या कॅनमध्ये ॲसिटोन किंवा ग्लिसरीन कधीच नाही. सांडलेली नॅनो पावडर झाडू नका, ओल्या टिश्यूने टिपा, एन-९५ मास्क घालून, आणि टिश्यू झिपच्या पिशवीत बंद करा.